घरचं बोर्ड

मी मोहाडीकडच्या विनकराच्या घरची. बाप हातमागावर लुगडी विने, अन् जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तवा मी सातवीत होती. मंग आयटीआय केली, इलेक्ट्रॉनिक्स, साऱ्या वर्गात मी एकटी पोरगी. लगन झालं नदीकाठच्या गावात, अन् ते गाव गोसीखुर्दच्या पान्यात गेलं. काय सांगू तुम्हाले, ज्याईनं धरनासाठी घरं देल्ली त्याईच्याच नळाले पानी नाही, मंग राग नाही येनार तं काय येनार?

पुनर्वसनाच्या गावात टाकीत पानी चढवते ती मोटर, तिच्या पेटीतलं बोर्ड जळलं. बोर्ड म्हनजे ते तांब्याच्या रेघाईचं. पानीपुरवठ्याचा साहेब म्हने कंपनीचं येईन, दीड महिना थांबा. दीड महिना! भर उन्हाळा, सत्तर वर्साची माझी सासू गुंड, म्हनजे पान्याचा हंडा, डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावच्या हापशीवर जाऊन राहिली. मी म्हनलं, मले दाखवा ते जळलेलं. त्याच्या रेघा पाहून कम्प्युटरवर नकाशा काढला.

माझ्या घरी झेरॉक्सवाल्यानं भंगारात काढलेला लेझर प्रिंटर होता. त्या रेघा तांबं चढवलेल्या पत्र्यावर छापाच्या होत्या, पर पत्रा कागदासारखा वाकत नाही, अडकते, म्हनून मी प्रिंटरचं मागचं अंग कापलं, पत्र्याले सरळ वाट केली, आतला तापनारा रूळच काढून टाकला. नवरा म्हने, हे काय करून राहिली, घर जाळशीन. सात पत्रे वाया गेले. आठव्यावर रेघा बरोबर उमटल्या, मंग तो तव्यावर तापवला, शाई पक्की झाली, तांबं खानाऱ्या फेरिक क्लोराइडच्या पान्यात टाकला, उघडं तांबं विरघळलं अन् शाईखालचं राहिलं. भोकं पाडली, पार्ट लावले, पेटीत बसवलं. पानी आलं. साऱ्या गावाले आलं.

अकराव्या दिवशी साहेब आला. हे कोनं केलं? मी म्हनलं, मी. हासला तो. बाई, हे घरचं आहे, शॉक लागला तं जबाबदार कोन? मी म्हनलं, मीटर लावा, तपासून घ्या. नाही तपासलं. काढलं अन् पेटीले सील. अकरा दिवस तेच पानी पेलेला सरपंच बाजूले मान खाली घालून उभा.

मंग आमी चाळीस बाया एसटीनं भंडाऱ्याले गेलो, रिकामे गुंड घेऊन हाफिसच्या दारात बसलो. चौथ्या दिवशी कंपनीचं बोर्ड आलं. मंग दीड महिना कायचा सांगत होता रे?

आता आइका. गेल्या महिन्यात त्याच साहेबाचा मानूस माझ्या दारी. ताई, आनखी एका गावचं बोर्ड जळलं, करून द्या, पर साहेब म्हनते कोठी सांगू नका. असा राग आला, हातातला चाहाचा कप फेकून मारावा वाटला. पर तिथल्या बाया डोळ्यापुढं आल्या. देल्लं करून. फक्त रेघाईच्या बाजूले तांब्यातच माझं नाव छापलं, पूरं. मानूस म्हने, हे खरवडा ना. मी म्हनलं, नावासकट न्या, नाही तं ठेवा इथंच. गुमान घेऊन गेला.

चालू आहे म्हनते तिथं. त्या बायाईचे गुंड भरलेले राहो बाप्पा. साहेबाले मात्र माझ्याकडून आशीर्वाद नाही, तसंच लिहा.