पाणबुड्याचा शॉट

आमच्या कुलकर्णी साहेबांची बोलती एकाच बाईने बंद केली, ती बहारीनमध्ये, अठ्ठ्याहत्तर साली. या फ्रेंच मादामना संकलनाची मोठमोठी बक्षिसं मिळालेली. आमच्या कंपनीसाठी त्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची फिल्म जोडत होत्या आणि तिथल्या माहूज भागातल्या फ्लॅटमध्ये मी त्यांचा मदतनीस होतो.

मॅनेजर म्हणून साहेब एका शॉटवर अडून बसले. म्हातारा पाणबुड्या बुडी मारतो आणि मग पडद्यावर नुसतं पाणी नि दोरी.

"यात काहीच घडत नाही हो! खलास, कापा."

"कापायला लावलंत तर मी उद्याच परत जाते," मादाम म्हणाल्या.

माझा व्हिसा त्या फिल्मवरच होता. त्या गेल्या की मीही परत.

मादामनी शॉट पुन्हा लावला. "साहेब, त्याने बुडी मारली की तुम्हीही श्वास धरा. तुमचा सुटेल तिथे कापते."

म्हाताऱ्याने बुडी मारली. साहेबांनी गाल फुगवले. खोलीत फक्त मशीनची घरघर. साहेब लाल झाले, मग जांभळे, आणि भसकन श्वास सुटला. पडद्यावर अजून पाणीच.

मादामनी मशीन थांबवून कात्री उचलली. "इथे?"

"अहो, थांबा!" साहेब धापा टाकत ओरडले. "आधी त्याला वर येऊ द्या!"