दोन रेषांमधला कडा

पायथ्याच्या गावी जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. नवऱ्याच्या हातात नकाशाची गुंडाळी होती.

"लागला का पोरीचा फोन?"

"नाही, डोंगरावर रेंज नाही. पण अहो, ती तुम्ही काढलेलाच नकाशा घेऊन गेलीय ना? मग एवढे का घाबरलात?"

"शेवटची उतरण मी चाललोच नव्हतो. गुडघा दुखत होता. विमानातून काढलेल्या फोटोवरून पायवाट आखली."

"आणि मिरवत होतात, सगळ्या वाटा पायाखालच्या आहेत म्हणून!"

"आज नवे फोटो आले. त्या वाटेवर सरळ तुटलेला कडा आहे."

"मग नकाशात कसा नाही?"

"नकाशात दर वीस मीटर चढाला उंचीची एक रेषा असते. कडा पंधरा मीटरचा. दोन रेषांच्या मधे बसला."

"पंधरा म्हणजे केवढा?"

"आपल्या गच्चीवरून खाली बघ, तेवढा."

"डोळे आहेत तिला. थांबेल ती."

"वर धुकं आहे म्हणतायत."

"वाटाड्या असेल ना सोबत?"

"घेऊ का, म्हणून काल विचारत होती."

"मग?"

"मी हसलो. म्हटलं, बापानं काढलेल्या वाटेवर वाटाड्या कशाला? तू परत लाव ना फोन."