साप चावला? इथे दाबा

बसा, पुढे सरकून बसा! मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. दुसऱ्याचं भलं करायला निघालेला माणूस बघतो कोणाकडे? त्या दुसऱ्याकडे — की आरशात?

ऐका तर.

कुडाळात चारुलता धुरी नावाची मुलगी. धंदा काय? वेबसाईटचं रूप घडवायचं. हुशार पोर! एका संस्थेनं तिला काम दिलं — साप चावला तर लस कोणत्या दवाखान्यात आहे, हे सांगणारी साईट. चारूनं जीव ओतला! जगात जे जे नवं चाललंय ते सगळं आणलं. मागे हलणारं रान, त्यावर नाजूक करडी अक्षरं. आणि दवाखान्यांची नावं? ती कोपऱ्यातल्या तीन बारीक रेघांमागे लपवलेली! का? तर पान मोकळं दिसावं!

सभागृहात दाखवली. टाळ्यांचा कडकडाट! चारू खूश. आणि त्याच दुपारी फोन वाजला. गावाहून वडील, दाजी धुरी.

"चारू! आवशीक फुरसां चावला गो! काजूच्या बागेत गेली होती!"

मंडळी, आईलाच विषारी फुरसं चावलेलं — काय झालं असेल त्या पोरीचं?

"बाबा, साईट उघडा! माझी!"

"उघडलंय! नुसतां रान हलता! दवाखानो खंय?"

"वर तीन रेघा आहेत, त्या दाबा!"

"रेघो? खंयच्यो रेघो? माका काय दिसत नाय गो!"

हसू नका! तुमच्याही मोबाईलमध्ये आहेत त्या रेघा. किती जणांनी दाबल्यात? ... बघा! एकही हात वर नाही!

टाळ्या ऐकलेले तेच कान, आता त्यात बापाचं रडणं! चारूनं स्वतःच्या फोनवर यादी काढली नि ओरडली, "साईट सोडा बाबा, माझं ऐका! घाटाखालच्या दवाखान्यात लस आहे. पाय हलू देऊ नका, काही बांधू नका. शेजारची रिक्षा काढा — निघा!"

निघाले. इकडून चारूही धावली. पोचली तर दाराशीच डॉक्टर भेटल्या.

"वेळेत आणलंत. लस दिलीय, धोका टळला."

चारू तिथंच पायरीवर बसली आणि मोकळी होऊन रडली.

मग काय केलं? हलतं रान काढलं! आईच्या खाटेशी बसून नवं पान केलं. ठसठशीत काळी अक्षरं — 'साप चावला? इथे दाबा.' दाबलं की जवळच्या, लस असलेल्या दवाखान्यात फोन. बस्स!

पुढच्या माणसाच्या नजरेतून बघायचं, तर आधी त्याच्याच हाती द्यायला हवं. फोन आईच्या हातात दिला. आई चष्मा न लावता म्हणाली, "हां! ह्यां दिसता!" आणि दाबलं की! बाहेरच्या टेबलावर फोन खणखणला. नर्सबाई धावल्या —

"बोला, साप चावला का?"

"चावलो गो बाय! पण आता बरा आसा!"

अख्खा वॉर्ड हसला. दाजी तर डोळे पुसत पुसत हसले!

आता तुमच्याकडे येतो. घरातल्या म्हाताऱ्याला तुम्ही महागडा फोन दिलात, फोटो काढलात, चार लोकांना दाखवलात. तो त्याला लावता येतो का, हे विचारलंत? नाही ना? मग आज घरी जाल, तेव्हा त्याच्याशेजारी बसा. त्याच्या हातात द्या — आणि तुम्ही गप्प राहून बघा. तेवढी सेवा देवाला पोचते!