पयली भाकर

सोलापूरच्या एसटी स्टँडवर सिद्धेश्वरी माळशिरसच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी एक धनगर नवरा-बायको येऊन टेकले, आणि तिचे कान आपसूक तिकडे वळले.

“मास्तर फोनवर काय म्हनलं, नीट सांगा की.”

“आपल्या वस्तीची अकराच्या अकरा पोरं धावी पास.”

“जोतिरामाची प्रियंका बी?”

“व्हय. गणितात काठावर हाय, पर पास हाय.”

“न्हायतर दरसाल दिवाळी झाली की पोरं शाळा सोडून मेंढरांमागं.”

“औंदा समद्यांनी मेंढरं एकत्र केली, म्हनून पोरांबिगर भागलं. अन् तिकडं वस्तीवर अकराजणांचं रांधायला तू एकटी, गोजा.”

“पोरं लई रुसायची माज्यावर. भाकरी जाड थापतीस म्हनायची.”

“जाड तर जाड. उपाशी तर कोन निजलं न्हाय.”

सिद्धेश्वरीला राहवलं नाही.

“मावशी, त्या अकरांत तुमचं कुठलं?”

“आमाला लेकरू न्हाय, बाई. जिचं आपलं असतंय, ती पयली भाकर त्यालाच वाढती. म्हनून तर समद्यांनी मला मागं ठेवलं.”