उलट्या गाठी

मुलांनो, तुमचे बाबा फोनवर म्हणाले, ती जुनी गाडी आता भंगारात द्या. आम्ही ती का दिली नाही, ते तुमच्या आजोबांनी मला जसं सांगितलं तसं लिहून ठेवते. त्यांची बोली तुमच्या कानांना परकी व्हायच्या आत हे लिहायला हवं होतं.

काय सांगू तुम्हाला, आमी वडगावचे विणकर, मागाच्या आवाजातच झोपायचो, आवाज थांबला की जाग यायची. माझा थोरला भाऊ अण्णा लई हौशी, त्यानं ही गाडी घेतली न् उभी कुठं केली, तर मागाच्या शेडमधी, जिथं सुताची रुई दिवसभर उडायची. पुढं त्याच्यानं गाडी चालवणं होईना, ती तिथंच उभी राहिली. अण्णा गेला, माग विकले, गाडी माझ्याकडं आली.

तशी गाडी धड, पण एसी लावला की निपाणीच्या वाटंवर इंजिनाच्या धगीचा काटा चढायचा, बंद केला की हळूच उतरायचा. तुमच्या आजीचं माहेर बोरगाव, तिला उन्हानं घेरी येती, एसीबिगर न्यायची कशी? मी गाडी झाडाखाली लावून बसायचो, पुढं रस्ता पाण्यासारखा हलायचा, न् वाटायचं अण्णा मागच्या सीटवर बसलाय, म्हणतोय, काय रं, दमलास व्हय?

बसू मिस्त्रीनं पाणी बघितलं, पंखा बघितला, थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. म्हणाला, आप्पा, हिचं वय झालं, द्या काढून. मी म्हटलं, वय माझं बी झालंय, मला कुठं काढलंय रं कुणी. तो हसला, म्हणाला, बरं, एसी लावा न् पुढच्या जाळीसमोर कागद धरा, पंख्यानं आत वडला पाहिजे. कागद नव्हता, तुमच्या आजीनं पदर धरला. पदर हलला न्हाय.

वाराच आत जाईना म्हणून बसूनं जाळी उतरवली. आत सुती कापड ताणून बांधलेलं, त्यावर रुई साचून गोधडीगत झालेली. रुई आत जाऊ नये म्हणून अण्णानंच बांधलेलं, न् त्याच कापडानं वाऱ्याची वाट अडलेली. एसीची धग न् इंजिनाची धग, दोन्ही तिथंच कोंडायच्या.

बसू कात्री घेऊन आला, मी म्हटलं थांब. तुटल्या सुताला मारतात ती आमची बारीक गाठ, पण अण्णा डावखुरा, त्याची उलटी पडायची. चार कोपऱ्यांत चार उलट्या गाठी. बोट लावलं न् कानात सगळी शेड खटाखटा चालू झाली. वाटलं, राहू दे तसंच, न्हाय लावायचा एसी. तवा तुमची आजी म्हणाली, अहो, गाडी चालावी म्हणूनच बांधलं ना अण्णांनी? मग म्हटलं, बसू, काप, पण गाठी तेवढ्या तशाच राख.

काल बोरगावला जाऊन आलो, एसी लावून. काटा मधल्या मधे निजल्यागत. तुमची आजी बी निजली, घोरत होती, ते काय ती लिहायची न्हाय.

लिहिलं. माग गेले, शेड गेली. गाडी दारात आहे, आणि चारही गाठी माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहेत.