पाठीवर सपाट

टेक्निशियन : काका, धातूचं सगळं बाहेर काढा म्हटलं होतं ना? मग गळ्यात ही चावी?

नवरा : ही एकच आहे.

बायको : कुलपं दुरुस्त करतात हो. अंघोळीलासुद्धा चावी घेऊन जातात.

टेक्निशियन : आत भलंमोठं चुंबक आहे. काढा.

नवरा : काढतो. पण दुखतेय फक्त पाठ. तेवढीच तपासा की. बाकीच्या अंगाला कशाला त्रास?

टेक्निशियन : रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरांना हाडांतल्या मज्जेच्या कॅन्सरचा संशय आलाय. मज्जा काय फक्त पाठीत नसते. म्हणून पूर्ण अंगाचा एमआरआय.

बायको : अजून संशयच आहे ना?

टेक्निशियन : संशयच. काका, जवळजवळ तासभर पाठीवर सपाट झोपायचं, हलायचं नाही. जमेल?

नवरा : न जमायला काय झालं? झोपायचंच तर आहे.

टेक्निशियन : घरी झोपता तसे?

नवरा : रोज.

बायको : रोज खुर्चीत झोपतात.

नवरा : ते वेगळं.

बायको : मी घोरते म्हणून. दोन महिने झाले. मी नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी नाकात नळी घालून बघितलं.

टेक्निशियन : काका, खरं सांगा. मधेच उठलात तर पुन्हा पहिल्यापासून.

नवरा : आडवं झालं की बरगड्यांत कळ येते. बसून बरं वाटतं.

बायको : बरगड्या? पाठ म्हणालात ना?

नवरा : पाठ पण. आणि हा खांदा.

बायको : आणि माझं नाक?

नवरा : नाकाला काही झालेलं नाही. घोरतेस, पण चालण्यासारखं.

बायको : मला सांगायला काय झालं होतं?

नवरा : तू घाबरली असतीस.

बायको : मग आत्ता काय मी आनंदाने नाचतेय?

टेक्निशियन : डॉक्टरांना विचारून आधी दुखण्याची गोळी देऊ. ती लागू पडली की मग आत. गुडघ्यांखाली उशी ठेवतो. हातात हा रबरी फुगा. सहन नाही झालं तर दाबायचा.

नवरा : आत काय दिसलं ते तुम्हीच सांगणार?

टेक्निशियन : मी फोटो काढणारा. उद्या डॉक्टर सांगतील.

नवरा : मग उद्या मी एकटाच जाऊन येतो. तुला कशाला दगदग.

बायको : तुम्हीच घरी बसा. मी जाऊन येते, आणि आल्यावर तुम्हाला सांगते, पाठ जराशी धरलीय, बाकी काही नाही.

नवरा : तसं नको.

बायको : मग कसं?

नवरा : दोघं जाऊ.

बायको : बरं.

नवरा : भीती वाटतेय गं मला.

बायको : मलाही. तुम्ही बसा, मी गोळीसाठी पाणी आणते.