मुगाएवढा तुकडा

न्हाई हो ताई, कातडी सोलत न्हाईत, कोण म्हणलं तुम्हाला? मुगाच्या दाण्याएवढा तुकडा काढतेत, बस. आधी बधिर करायचं इंजेक्शन — तेवढं चावतं — मंग बारीक गोल पातं फिरवायचं, वरून एक टाका. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतेत. वरून न दिसणारं आत दिसतं. मी कल्याण गुरुजी, हसनाबादचा, तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, आन् हितं काय केलं? डॉक्टरीणबाईनं नुसता स्पिरिटचा बोळा लावला तर मी ओरडलो. त्या म्हणल्या, "गुरुजी, अजून सुरूच केलं नाही."

आलो कशाला? हातावर चट्टा होता — दोन वर्षं गजकर्ण समजून मलम चोळून राह्यलो. मंग एक दिवस त्याच्यावर उकळता चहा सांडला आन् मला पत्ताच न्हाई. नंदाबाईनं, आमच्या मंडळीनं, माझा हात पाण्यात धरला तवा कळलं — मी आपला पेपर वाचून राह्यलो! चट्टा बधिर असला की दवाखाना गाठा, हे मीच फळ्यावर लिहायचो. परीक्षेतबी विचारायचो.

आन् शाळेत काय केलं? लई वर्षांमागं चौथीत पायल म्हणून पोरगी होती, गालावर चट्टा. कशाचा होता कोण जाणे, म्या विचारलंच न्हाई — दाराशी वेगळी बसवली. तिथं हवा लागते म्हणलो. तिची आई आल्ती. "गुरुजी, दवाखान्यात न्या म्हणायचं का असं बसवायचं?" मी हजेरी घेत राह्यलो. आठ दिवसांनी पोरगी यायची बंद झाली. नंदाबाईलाबी हे ठाऊक न्हाई, तुम्हाला कशाला सांगून राह्यलो...

माझा रिपोर्ट? आलाय की, हा काय खिशात. कुष्ठरोग निघाला. वर्षभर गोळ्या, फुकट. बिलकुल बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला होत न्हाई — डॉक्टरीणबाईनं तीनदा सांगितलं, कारण गुरुजीनं तीनदा विचारलं. नंदाबाई खाली केळी घ्यायला गेली. ती वर आली की सांगतो. मंग पायलचं सासर शोधायचं — तिथं जाऊन काय बोलायचं, ते अजून जमलं न्हाई...

सरकलात का ताई? न्हाई, सरका. मीबी सरकलो असतो.

तुमचं नाव पुकारलं. जा.